बरणीतला दम

रतिलाल बाविस्करांनी अमळनेरमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढली, पण स्वतः एकही प्रयोग केला नाही. ते प्रयोगशाळा सहायक होते. प्रयोग करायचे विद्यार्थ्यांनी, समजावून सांगायचे प्राध्यापकांनी, आणि फुटलेली काच गोळा करायची रतिलालभाऊंनी, अशी कामाची वाटणी होती. त्यामुळे निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात, ऐन एप्रिलात, त्यांनी कॉलनीच्या फाटकावर 'मुलांसाठी घरगुती विज्ञान शिबिर, साहित्य : स्वयंपाकघरातील' असा कागद चिकटवला, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. फक्त ते स्वयंपाकघर ज्यांचं होतं, त्या पुष्पाबाईंना ही बातमी फाटकावरच वाचायला मिळाली.

पहिले चार दिवस बरे गेले. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड पसरून मध्ये साबणाचं बोट टेकवलं की मिरपूड भ्यायल्यासारखी काठाकडे पळते, हे पाहून नऊ मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुळाचा पाक, भांड्यांचा साबण, पाणी आणि तेल असे चार थर एका ग्लासात न मिसळता उभे राहिले, तेव्हा रतिलालभाऊंचा कंठ दाटून आला. पुष्पाबाईंचाही आला, कारण तेल शेंगदाण्याचं होतं.

पाचव्या दिवशी साबणाचे फुगे होते. त्या दिवशी शिबिरात एक दहावा विद्यार्थी येऊन बसला. शेजारचे झुलाल आबा. वय ब्याऐंशी, एस्टीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, दम्याचा जुना त्रास. घरी बायको सुंदरबाई. मुलगा नवल धुळ्याला नोकरीवर. आबांचं म्हणणं असं, की वयाची अट फाटकावर कुठेही लिहिलेली नाही.

रतिलालभाऊंनी फुग्यांची तयारी मात्र पक्की केली होती. भांड्यांचा साबण, ग्लिसरीन, चिमूटभर साखर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. फुंकायला पपईच्या पानाचे पोकळ देठ. प्रत्येक मुलाला एक रुंद तोंडाची काचेची बरणी, तिच्या आत तळाला साबणात भिजवलेलं दुसरं एक लहान, पालथं झाकण. त्या झाकणावर फुगा अलगद बसवायचा, बरणीला वरून तिचं झाकण लावायचं आणि कडेनं मेण फिरवायचं. "हवा कोरडी असली की फुगा मरतो," रतिलालभाऊ म्हणाले. "बंद बरणीत, ओल्या गारव्यात तो पुष्कळ टिकतो."

"कितीक टिकस?" आबांनी विचारलं.

"कुणाचा दम किती आहे त्यावर."

हे त्यांनी आपलं गमतीनं म्हटलं. आबांनी देठ ओठांत धरला, छातीत घरघर होईस्तोवर श्वास ओढला आणि फार सावकाश सोडला. संत्र्याएवढा फुगा झाकणावर टेकला, दोनदा लवलवला आणि थांबला. संध्याकाळपर्यंत मुलांच्या नऊही बरण्या रिकाम्या झाल्या. आबा कुंपणापलीकडून ओरडले, "बठ्ठा पोरेस्ना फुटनात, मना नही फुटना! तीस वरीस एस्टी चालाडी मी, साबणना फुगा काय चीज शे?"

त्यानंतर चार दिवसांनी दुपारचं जेवून आबा खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

शिबिर बंद पडलं. अंत्यविधी, भेटायला येणारे पाहुणे, तेरावं, यात कुणाला फुगे आठवणार? रतिलालभाऊंच्या स्वयंपाकघरात माठाखालच्या ओल्या वाळूत, कोपऱ्यात गारव्यासाठी ठेवलेली आबांची बरणी तशीच राहिली. चौदाव्या दिवशी पुष्पाबाईंनी वाळू बदलायला माठ हलवला आणि किंकाळी फोडली. कॉलनीतले सगळे धावले, कारण मे महिन्यात माठामागे साप निघणं नवीन नव्हतं.

साप नव्हता. फुगा होता.

आकारानं थोडा आक्रसला होता, चिकूएवढा. रंग उडाले होते. वरचा भाग तर दिसतच नव्हता. तिथे एक काळा गोल होता, जणू फुग्याला वरून कुणी उघडं ठेवलंय आणि आत खोल काही आहे. पण फुगा उभा होता. रतिलालभाऊंनी घसा साफ करून सांगितलं, की पापुद्रा फार पातळ झाला की त्यावर रंग उमटत नाहीत, तो काळा दिसतो. हे वाक्य त्यांनी कपाटामागे उभं राहून तेहतीस वेळा ऐकलं होतं आणि आज पहिल्यांदा स्वतः उच्चारत होते. कुणीही ऐकलं नाही, कारण त्याच क्षणी कॉलनीतल्या हेमलताताईंच्या नऊ वर्षांच्या नूतननं विचारलं,

"काका, म्हणजे आबांचा श्वास अजून आतच आहे?"

रतिलालभाऊ हो म्हणू शकत नव्हते आणि विज्ञानाशी प्रामाणिक राहून नाहीही म्हणू शकत नव्हते.

त्या दिवसापासून घराचं घरपण गेलं. दुसऱ्या सकाळी रतिलालभाऊ चहाला गेले तर पुष्पाबाई डोक्यावरून पदर घेऊन पोळ्या लाटत होत्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांनी पदर घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"हे काय?"

"मोठे होते ते," पुष्पाबाई कोपऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "मी त्यांच्यासमोर कधी उघड्या डोक्यानं गेले नाही."

मग मिरच्या भाजणं बंद झालं. आबांना दमा होता, ठसका सहन व्हायचा नाही. ठेचा गेला, फोडणीची शेवभाजी गेली, भरतात हिरव्या मिरचीऐवजी साखर पडू लागली. खानदेशातल्या माणसाच्या ताटातून मिरची गेल्यावर उरतं काय? रतिलालभाऊ तक्रार करायला तोंड उघडत, तो पुष्पाबाई कोपऱ्याकडे डोळ्यांनी खूण करत आणि ते पुढचा घास घेत. मोठ्या माणसासमोर जेवणावरून वाद घालणं बरं दिसत नव्हतं.

शेजाऱ्यांना मात्र तोंड फुटलं. हेमलताताई म्हणाल्या, फुगा फोडाल तर माणूस मारल्याचं पाप लागेल. दुसऱ्या गल्लीतून कुणी सांगितलं, न फोडाल तर आबा अडकतील. एकजण उदबत्ती लावून गेला. रतिलालभाऊंनी ती विझवली, तर "नास्तिक आहेत" असा बोभाटा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत होते. पण प्रश्न असे, की 'आज आबा काही बोलले का?'

कॉलनीचे सचिव रुपचंदभाऊ तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले. कागदाशिवाय त्यांना कशाचंच अस्तित्व पटत नसे. त्यांनी रीतसर पत्र पाठवलं. 'विषय : आपल्या स्वयंपाकघरातील साबणाच्या फुग्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर फुगा सजीव आहे की निर्जीव, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. सजीव असल्यास भाडेकरू म्हणून नोंद आवश्यक.' रतिलालभाऊंनी चार ओळींत खुलासा लिहिला आणि खाली सही करताना 'सजीव' हा शब्द खोडायचा की 'निर्जीव' हा, तेच त्यांना ठरवता येईना. दोन्ही तसेच ठेवून त्यांनी पत्र दिलं.

त्यात नवलनं मृत्यूच्या दाखल्यासाठी भरलेला अर्ज परत आला. त्यानं अर्जात 'झुलाल' लिहिलं होतं आणि जोडलेल्या आधार कार्डावर 'जुलाल' होतं. चूक त्याचीच, खिडकीवरच्या बाईंनी ती बरोबर दाखवली. पण कॉलनीत बातमी पसरली ती वेगळीच. आबा गेले हे सरकारसुद्धा मान्य करायला तयार नाही.

आणि रोज भर दुपारी एक वाजता सुंदरबाई येऊ लागल्या.

अमळनेरची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली आहे त्याला अंधाराची भीती कधी वाटणार नाही. रस्त्यावर कुत्रं नाही, झाडावर पाखरू नाही, पांढऱ्या उन्हात घरं मिटून पडलेली. अशा वेळी फाटकाची कडी वाजायची. सुंदरबाई आत यायच्या, माठाजवळ फरशीवर बसायच्या आणि बरणीशी हळू आवाजात बोलायच्या. गॅस संपला, पोपटी लुगडं सापडलं, मांजर व्याली. रतिलालभाऊ बाहेरच्या खोलीत पंख्याखाली डोळे मिटून पडलेले असत आणि सगळं ऐकत असत.

एकदा सुंदरबाईंनी त्यांना हाक मारली. "भाऊ, इकडे देखा. यामा दोन जण शेतस."

ते वाकले. फुग्यात खिडकीच्या उजेडापुढे एक लुगड्यातली आकृती सुलटी दिसत होती आणि तिच्यातच मिसळलेली दुसरी, डोकं खाली पाय वर.

"मामी, ती दोन्ही तुमचीच प्रतिबिंबं. पुढची बाजू फुगीर, म्हणून सुलटं. मागची बाजू आतून खोलगट, म्हणून उलटं. नियमच आहे तो."

सुंदरबाई हसल्या. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असतील. "सुलटी ती मी. उलटा तो मना मालक. जनमभर उलटाच वागना."

त्या गेल्यावर रतिलालभाऊंनी फुग्यात स्वतःला पाहिलं. नियमाप्रमाणे तेही दोनदा दिसायला हवे होते. दिसलेही. तरी उलट्या माणसाकडे त्यांनी जास्त वेळ पाहिलं नाही.

बरणीवर स्केचपेननं ते रोज फुग्याची उंची आखत होते. रोज रेघ थोडी खाली येत होती. फुटल्याशिवायही फुगा कमी होतो, आतली हवा पापुद्र्यातून कणाकणानं बाहेर झिरपते, हेही त्यांना माहीत होतं. पण रेघ मारताना हात थांबे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. चिकूचं लिंबू झालं, लिंबाचा आवळा झाला.

तो थरथरायचाही. दुपारी एक दहाला भुसावळकडे जाणारी गाडी कॉलनीमागच्या रुळांवरून जायची, घर हलायचं आणि फुगा लवलवायचा. एवढं एक कारण तरी रतिलालभाऊंच्या हातात होतं, आणि ते त्यांनी हेमलताताईंना तीनदा ऐकवलं होतं. मग एका मंगळवारी रुळांचं काम निघालं आणि दुपारच्या गाड्या बंद राहिल्या. त्या दिवशी सुंदरबाईंनी बरणीपुढे बसून मुलाकडे राहायला जाण्याबद्दल विचारलं, "नवल लेवाले ई राहिना. धुयाले चाल म्हनस. जाऊ का मी?"

पंखा बंद होता. पुष्पाबाई माहेरी गेलेल्या. रतिलालभाऊ दारात उभे होते आणि त्यांनी श्वास रोखून धरला होता, म्हणून त्यांना नक्की माहीत आहे. मेण लावलेल्या बरणीत आवळ्याएवढा फुगा एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे, आणि परत मधोमध येऊन उभा राहिला.

"नही म्हनतस," सुंदरबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

नवल धुळ्याहून आला आणि एकटाच परत जायची वेळ आली. तो रतिलालभाऊंसमोर उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "काका, आईला रात्री दिसत नाही. परवा अंगणात पडली, तुम्हाला माहीतसुद्धा नाही. इथे तिला एकटं कसं सोडू? तुमच्या त्या प्रयोगापायी ती घर सोडत नाही. फोडा तो."

"तू फोड, नवल. तुझे वडील आहेत."

नवल बरणीपर्यंत गेला, मेणाला नखही लावलं, आणि तसाच परत फिरला.

मग रतिलालभाऊंच्या दारापुढच्या ओट्यावर कॉलनीची सभा झाली. फुगा फोडावा असं बहुमतानं ठरलं. कोणी फोडावा, या मुद्द्यावर मात्र सगळ्यांना एकदम कामं आठवली. हेमलताताईंना उपवास होता. रुपचंदभाऊ म्हणाले, "मी सचिव आहे तो ठराव लिहिण्यापुरता. अंमलबजावणी ज्यानं वस्तू तयार केली त्यानं करायची असते." सगळ्यांच्या माना रतिलालभाऊंकडे वळल्या. फुटलेली काच गोळा करायला माणूस शोधताना प्राध्यापकांच्या माना वळायच्या तशाच.

त्यांनी गुरुवार मागून घेतला. गुरुवारी सुंदरबाई आल्या की त्यांना समजावून, त्यांच्या देखत, मानानं बरणी उघडायची असं त्यांनी ठरवलं. सकाळभर त्यांनी वाक्यं जुळवली. साडेअकराला पुष्पाबाई दळण आणायला बाहेर पडल्या आणि ते बरणी पुसायला म्हणून आत गेले.

आतल्या झाकणावर काही नव्हतं.

फुटल्याचा शिंतोडा नाही, थेंब नाही. मेण जसंच्या तसं. काल बोराएवढा होता, आज नाही. रतिलालभाऊंनी बरणी उजेडात धरली, फिरवली, आत कुठे काळा ठिपका तरी आहे का पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण जमिनीवर, माठामागे, वाळूतही शोधतो आहोत.

दीड तासात सुंदरबाई येणार होत्या. 'मामी, ते गेले, मी पाहिलंही नाही,' हे वाक्य सकाळभर जुळवलेल्या वाक्यांत नव्हतं. पुढे त्यांनी जे केलं त्याचं समर्थन ते आजही करत नाहीत. त्यांनी मेण खरवडलं, साबण कालवला, परसातून पपईचा देठ तोडून आणला आणि फुंकू लागले.

बोराएवढा फुगा फुंकणं किती अवघड असतं! पहिला संत्र्याएवढा झाला, तो त्यांनीच फोडला. दुसरा देठावरच फुटला. तिसरा, चौथा, पाचवा. श्वास असा थोडा थोडा तोडून देता येत नाही, हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं. सहावा बसला. लहान, गोल, रंगीत. त्यांनी झाकण लावलं आणि मेण फिरवलं.

आणि त्यांना दम लागला.

आधी वाटलं, गडबडीनं. ते पंख्याखाली बसले. पण छाती भरेना. घेतलेला श्वास अर्ध्यावर संपायचा, जणू उरलेला दुसरीकडे कुठे तरी ठेवला आहे. दारातून कोपऱ्यातली बरणी दिसत होती. फुगा स्थिर होता. रतिलालभाऊंनी स्वतःला नियम सांगितले, एकामागून एक, जेवढे पाठ होते तेवढे. बाहेर पांढरं ऊन पडलं होतं आणि कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. हा फुगा आता महिनाभर टिकला तर? रोज रेघ खाली येत गेली तर?

फाटकाची कडी वाजली. सुंदरबाई आल्या. आज त्यांच्या हातात पिशवी होती, आणि मागे नवल, त्याच्या खांद्यावर वळकटी.

"मामी, बसा," रतिलालभाऊ म्हणाले. "हे बघा... आहेत अजून."

सुंदरबाई माठापाशी बसल्या नाहीत. उभ्यानंच बरणीकडे पाहिलं, मग वळून रतिलालभाऊंकडे पाहत राहिल्या. जवळ आल्या, पदराचं टोक बोटावर घेतलं आणि लहान पोराचं तोंड पुसावं तशी त्यांची मिशी पुसली. पदराला साबणाचा फेस लागला.

"गया ना तो?"

रतिलालभाऊंनी होकारार्थी मान हलवली. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, मोकळं वाटलं.

"अकरा वाजता गयात," सुंदरबाई म्हणाल्या. "माले समजनं. मी तव्हयच पिशवी भरी लिन्ही."

नवलनं मान डोलावली. "अकराला फोन केला तिनं मला, 'ये' म्हणून. मी म्हटलं, काकांनी फोडला वाटतं."

रतिलालभाऊ स्वयंपाकघरात गेले होते साडेअकराला. तोपर्यंत त्या घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. हे कोणत्याच नियमात बसत नव्हतं.

"मग तुम्ही इथे...?" रतिलालभाऊंनी विचारलं.

"तुमले सांगाले उनू. शेजारीसले न सांगता जावा का?" मग त्या बरणीकडे वळल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आनि हाई काय करं तुमी? जित्ता माणूसना दम असा कोंडू नही, भाऊ."

कॉलनीतल्या एकाही माणसाला जे जमलं नव्हतं ते सुंदरबाईंनी उभ्या उभ्या केलं. मेणात नख घातलं, झाकण फिरवलं आणि एक बोट आत टेकवलं.

आवाज झाला नाही. सुंदरबाईंनी बोट लुगड्याला पुसलं, पिशवी उचलली आणि पुष्पाबाईंसाठी दोन शब्दांचा निरोप ठेवून त्या चालू लागल्या. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. नवलनं आईचा हात धरून तिला आत बसवलं. सुंदरबाईंनी मागे वळून स्वतःच्या घराकडे एकदा पाहिलं, रतिलालभाऊंच्या घराकडे पाहिलंच नाही, आणि रिक्षा बसस्टँडच्या रस्त्याला लागली.

रतिलालभाऊ झाकण हातात घेऊन ओट्यावर उभे राहिले. मग त्यांनी श्वास घेतला. तो कुठेही अडला नाही, अर्ध्यावर संपला नाही, बेंबीच्या देठापर्यंत खोल गेला आणि छाती भरून राहिला. समोर रस्त्यावर ऊन पसरलं होतं. ते बराच वेळ तसेच उभे होते, कारण घेतलेला तो श्वास बाहेर सोडायला काही केल्या त्यांचं मन धजेना.